डाव्या बाजूचो वारो

माझा धाकटा दीर तीस वर्षं पुण्यात आहे. त्याच्या मालवणीला गंज चढलाय, हे घरातल्या कोणी त्याला आजवर सांगितलेलं नाही. गावात आला की तो कंडक्टरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी मालवणीत बोलतो आणि समोरचा माणूस त्याला सावकाश, सोप्या मराठीत उत्तर देतो. एरवी यात कोणाचं काही जात नाही. मोजणीच्या दिवशी मात्र माझी वाट गेली असती.

वाट म्हणजे खरोखरची वाट. आमचं घर रस्त्यापासून दीडशे पावलं आत आहे आणि मधे एक पायवाट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. घरामागच्या शेडमध्ये मी काजू फोडण्याचं काम चालवते, सात बायका आहेत. टेम्पो मी स्वतःच चालवते, पण तो रस्त्यावरच उभा राहतो. तिथून पोती डोक्यावरून आत न्यायची. दोघींनी गुडघ्यांपायी काम सोडलं होतं, तिसरी सोडायच्या बेतात होती. शेड चालायची तर टेम्पो आत यायला हवा होता, आणि टेम्पो यायचा तर एका बाजूचा गडगा मागे सरकायला हवा होता. तो गडगा चुलत सासऱ्यांचा, म्हणजे काकांचा. निदान ते तसं म्हणत. आम्ही म्हणत होतो की तो आमच्या हद्दीत आहे. म्हणून मोजणी.

चार वर्षांत मोजणी दोनदा आली आणि दोनदा परत गेली. दोन्ही वेळा काका आपल्या ओटीवर आमच्याकडे पाठ करून बसून राहिले. मोजणीदाराने हाक मारली तरी मान वळवली नाही. त्यांच्याशिवाय मोजता आलं असतं, पण त्यांच्या पाठीमागे रोवलेला दगड दुसऱ्या दिवशी जागेवर नसता, हे मला, मोजणीदाराला आणि अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. का येत नाहीत, ते विचारायला मी गेले नाही. अर्ज माझा रीतसर, नोटीस रजिस्टर पोस्टाने गेलेली, तिची पोच त्यांच्या सहीने परत आलेली. आणखी काय करायचं असतं, ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मोजणीदाराने येताक्षणीच सांगितलं, की आज झालं नाही तर प्रकरण निकाली काढून टाकतो, मग तुम्ही पुन्हा नव्याने अर्ज करा. एक वाजेपर्यंत थांबेन, म्हणाला. त्याला दोन सह्या हव्या होत्या. एक काकांची आणि दुसरी दिराची, कारण नवरा गेल्यापासून सातबारावर माझं आणि दिराचं नाव आहे.

दीर दहाला यायचा होता. तो मुलाची गाडी घेऊन येत होता. मुलगा सहा महिन्यांसाठी परदेशी गेलेला, आणि गाडी नुसती उभी राहिली की खराब होते असं म्हणून बापाने ती थेट कोकणात काढली. पिवळी, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली. इंजिन मागे आणि डिकी पुढे. पापणी लवेपर्यंत शंभराचा वेग घेते, असं त्याने मला फोनवर दोनदा सांगितलं. आमच्या रस्त्याला चाळीसचा वेग घ्यायलासुद्धा जागा नाही, हे मी एकदाच सांगितलं.

आदल्या दिवशी तो मालवणला मित्राकडे उतरला. सकाळी निघून सरळ यायचं, तर हा बंदरावर गेला आणि लिलावात हातभर लांब सुरमई घेतली. तिथून निघताना बंदरावर पडलेली एक गरी, म्हणजे मोठे मासे धरायचा लोखंडी गळ, पुढच्या डाव्या चाकात रुतली. त्याला पत्ता नाही. आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर, पुलाच्या अलीकडच्या वळणावर, चाक बसलं.

त्या वळणावर फोन लागत नाही. आमच्या बाजूला येणारी एक रिक्षा त्याने थांबवली आणि निरोप दिला. निरोप मराठीत दिला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण रिक्षावाला दिसल्याबरोबर त्याला मालवणी आठवली. तो म्हणाला, "घराक सांगा, डाव्या बाजूचो वारो गेलो. येवक उशीर जातलो."

आमच्याकडे हवेला वारो म्हणतात, चाकातल्यासुद्धा. पण चाकाचं काही झालं तर लोक सरळ पंक्चर म्हणतात. 'डाव्या बाजूचो वारो गेलो' याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, की माणसाच्या अंगावरून वारं गेलं, डावा हात आणि डावा पाय गेला. रिक्षा गच्च भरलेली, इंजिन चालू, रिक्षावाल्याने पिवळ्या गाडीकडे धड पाहिलंही नाही. त्याने निरोप गिरणीवर टाकला. गिरणीवाल्या बाईने तो माझ्याकडे न पाठवता काकांकडे पाठवला, कारण वारो गेला की गावातला निरोप तिथेच जातो.

काका वाऱ्याचं तेल देतात. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं आहे. पैसे घेत नाहीत, आणि बोलावणं आलं की जेवत्या पानावरून उठून जातात, मग बोलावणारा कोणी का असेना. त्या तेलाने किती माणसं बरी झाली, ते मला माहीत नाही. मी ब्लड प्रेशरची गोळी सरकारी दवाखान्यातून घेते.

तर साडेअकराच्या सुमाराला मी आणि मोजणीदार खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चहा घेऊन बसलो होतो, आणि गडग्यापलीकडे काकांची टोपी दिसली. हातात तेलाचा डबा, खांद्यावर पंचा. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"गो, तुज्या दिराचो वारो गेलो. डावी बाजू. पुलाकडे पडलो आसा. मी जातंय."

आणि गेले. वाडीतल्या कोणाची तरी मोटरसायकल उभीच होती, तिच्यावर मागे बसले. ऐंशी वर्षांचा माणूस, एका हातात डबा उंच धरून.

मी मोजणीदाराला सांगितलं, की दिराला अर्धांगाचा झटका आलाय, त्याला कणकवलीला दवाखान्यात न्यायला हवं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि जरा थांबून विचारलं, "मॅडम, सही उजव्या हाताने करतात ना ते?"

मी त्याच्यावर रागावले नाही. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

टेम्पोत गादी टाकली, उशी टाकली, पाण्याची बाटली घेतली. मोजणीदार आपलं यंत्र मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. यंत्र सोडून तो कुठेच जात नाही, आणि कागदही बरोबर घेतले होते. वाटेत मी दवाखान्यात ओळखीच्या नर्सला फोन करून खाट सांगून ठेवली.

वळणावर वीसेक माणसं जमली होती. निम्मी गाडीच्या पुढच्या बाजूला. इंजिन बघायचं म्हणून कोणीतरी पुढचं झाकण उघडायला लावलं होतं आणि आत बर्फावर सुरमई निघाली होती. तिच्यावर चर्चा चालू होती. उरलेली माणसं काकांच्या भोवती. आणि मधे रस्त्याच्या कडेला माझा दीर डाव्या कुशीवर आडवा, पुढच्या चाकाच्या पोकळीत मान घालून. डावा पाय काकांच्या हातात.

मी जवळ गेले तेव्हा तपासणी चालू होती. काका पोटरी दाबत होते.

"जोर आसा काय रे?"

दिराचं डोकं चाकापाशी आत. त्याला वाटलं, गावचा कोणी माणूस त्याचा पाय बाजूला सारून चाकाची चौकशी करतोय. तो आतून म्हणाला, "काय्येक नाय. पुरो गेलो."

"कदी गेलो?"

"आताच. आदी जरा जरा जाय होतो, माका कळला नाय."

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आधी जरा जरा जात होता म्हणजे लक्षण जुनं. मग त्यांनी डावा हात ओढून बाहेर काढला, आणि तो खरोखरच गेलेला दिसत होता. पाची बोटं मुठीसारखी मिटलेली, पांढरी पडलेली, उघडत नव्हती.

मी दिराला बगलेत धरून बाहेर ओढलं. तो उठून बसला, मग उभा राहिला, मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला आलात? मी निरोप दिला होता ना?"

सगळं उलगडायला पाच मिनिटं गेली. असल्या गाड्यांना स्टेपनी नसते. स्टेपनीच्या जागी एक लहान पंप आणि पांढऱ्या औषधाची बाटली देतात, ती चाकात ओतायची, म्हणजे भोक आतून बुजतं. दिराने बाटली उलटी धरून दाबली. औषध चाकात न जाता त्याच्या डाव्या हातावर आलं आणि वाळलं. फणसाच्या चिकासारखं. त्यामुळे बोटं एकमेकांना चिकटली होती, बाकी माणूस ठणठणीत होता. मी हे जमलेल्यांना मोठ्याने सांगितलं. कोणाला फारसं पटलं नाही. त्यांनी माणूस आडवा पाहिला होता, हात पाहिला होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. डब्याचं झाकण तोवर उघडलेलं होतं. ते म्हणाले, "तेल उघडला काय तसाच घराक न्हेवक जमणा नाय. लावकच व्हया."

दीर म्हणाला, काका, मला काही झालेलं नाही, पंक्चर गाडी झालीय. काका म्हणाले, गाडयेक तेल लावतत काय? मग त्याला कोणाच्या तरी दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. बारा वाजून गेले होते. मोजणीदार दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. मी ठरवलं की माणसाचं काका बघतील, आपण चाक बघावं.

पुलापलीकडचा पंक्चरवाला येऊन अर्धा तास झाला होता. पक्कड, कानस, रबराच्या पट्ट्या, सगळं घेऊन आला होता आणि गाडीपासून चार पावलं लांब उभा होता. चाक काढायला जॅक खाली शिरत नाही, गाडी फार खाली आहे, म्हणाला. आणि पाचातला एक नट कुलपाचा आहे, त्याची वेगळी किल्ली असते. ती कुठे, असं दिराला विचारलं. मुलाच्या कपाटात, पुण्याला, असं खुर्चीवरून उत्तर आलं. पंक्चरवाल्याचं खरं दुखणं वेगळं होतं. दिराने त्याला गाडीची किंमत सांगून ठेवली होती.

मी त्याला म्हटलं, चाक काढतोच कशाला? टेम्पोचं काढतोस का दर वेळी? स्टेअरिंग पूर्ण वळवलं की चाकाचं तोंड बाहेर येतं. बसल्या जागी गरी काढ, पट्टी घाल.

खुर्चीवरून दिराने सांगितलं, की असं करायला पुस्तकात सक्त मनाई आहे. या टायरला पट्टी चालत नाही. पुस्तक त्याच्या उजव्या हातात होतं आणि त्याने ते वाचून दाखवायला सुरुवात केली. काका डाव्या दंडावरून खाली तेल ओढत होते. मी विचारलं, पुस्तकात पुढे काय करायला सांगितलंय? तो म्हणाला, गाडी उचलून जवळच्या अधिकृत केंद्रात न्यायची. जवळचं केंद्र कुठे, तर पुण्यात. मी स्टेअरिंग वळवलं.

गरीला उलटा काटा असतो. मासा सुटू नये म्हणून तो केलेला असतो आणि टायरलाही तो तसाच धरतो. पंक्चरवाल्याने पक्कड लावली, दोघांनी त्याला मागून धरलं, आणि गरी आली ती रबराचा लचका घेऊन. भोक दुप्पट झालं. एका पट्टीच्या जागी तीन घालाव्या लागल्या. गर्दीतला एक म्हातारा कोळी गरी हातात घेऊन म्हणाला, ही सुरमईचीच. त्यावर पुन्हा झाकणाकडे जाऊन सुरमई बघण्यात आली.

हवा गाडीच्याच पंपाने भरली. तो पंप तेवढा चांगला निघाला. हवा धरली.

चाक उभं राहायला आणि मागे गलका व्हायला एकच गाठ पडली. तेलाने चीक सुटतो, हे आमच्याकडे फणस चिरणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. काकांनी पंजा चोळता चोळता करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट, मग सगळा हात उघडला. वीस माणसांनी एका श्वासात 'आ' केलं. एकाने हात जोडले. गेलेला हात अर्ध्या तासात परत आला होता आणि तो भर रस्त्यात, उन्हात, सगळ्यांच्या देखत आला होता. मी पुन्हा चिकाचं सांगण्यापेक्षा पंक्चरवाल्याचे पैसे भागवले. काकांनी पंच्याने हात पुसले, फक्त "बघ" म्हणाले, कोणाला ते कळलं नाही.

मग पथ्य सांगितलं. एकवीस दिवस मासा नाही, आंबट नाही, गार पाणी नाही. पाळलं नाही तर वारो फिरून येतो.

दीर उघड्या झाकणाकडे बघत होता. "काका, पण मला झालं काय होतं?"

"हात उघडलो मा?"

"उघडला."

"मगे?"

दिराने पँट खाली केली.

काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि मोटरसायकलवाल्याला हाक मारली. साडेबारा वाजून पाच मिनिटं. मोजणीदाराने माझ्याकडे बघितलं. दीर होता, कागद होते, यंत्र होतं, आणि ज्यांच्या सहीसाठी चार वर्षं गेली ते चार हातांवर उभे होते आणि निघाले होते. त्या क्षणी मला एक गोष्ट सुचली, जी त्याआधी सुचायला काही हरकत नव्हती. या माणसाला तेलासाठी तोंडी निरोप येतो, कुणाच्याही तोंडचा, अगदी गिरणीवरचा, आणि तो उठतो. मी एका गडग्याच्या अंतरावर राहते आणि मी त्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली होती. दोनदा. नव्हे, तीनदा.

मी पदर खांद्यावर घेतला आणि जाऊन समोर उभी राहिले. "काकानू, मोजणेक येवा."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "असां तोंडान सांगूक चार वर्सां लागली तुका?"

"लागली."

"गडग्यापलीकडसून कागद धाडतत. मी काय कोर्टात रवतंय?" एवढं म्हणून त्यांनी मोटरसायकलवाल्याला जायला सांगितलं. "चल. खंय बसू?"

दिराने मोठ्या मानाने पिवळ्या गाडीचं दार उघडलं. काकांनी वाकून आत बघितलं. "ही पाटार बसान चालवतत काय?" आत बसलंय तर माका चार माणसांनी उचलूक लागतला, असं सांगून ते टेम्पोकडे आले आणि मागे गादीवर बसले. गादी दिरासाठी आणलेली होती. पिवळ्या गाडीत दिराशेजारी मोजणीदार बसला, यंत्र मांडीवर. डोळ्यांची पापणी किती वेळा लवली कोण जाणे, पण सहा किलोमीटरना आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, कारण दर गतिरोधकापाशी गाडीचं पोट टेकत होतं आणि टेम्पोतल्या दोन फळ्या काढून तिच्या चाकांखाली घालाव्या लागत होत्या. पुढे टेम्पो, मागे गादीवर टोपी घालून बसलेले काका, त्यांच्यामागे पायी चालल्यासारखी पिवळी गाडी. वाटेतल्या लोकांनी काकांना नमस्कार केले. बातमी आमच्या आधी पोचली होती.

एक वाजून दहा मिनिटांनी यंत्र उभं राहिलं. मोजणीदाराने वेळेचा विषय काढला नाही. बहुतेक गाडीतून उतरताना त्याची कंबर धरली होती आणि त्याला काकांच्या समोर ते कबूल करायचं नव्हतं.

गडगा निघाला अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. काका म्हणाले, मी सांगत होतंय. मी म्हटलं, मीपण. दगड रोवला तो त्यांनी स्वतः हात लावून रोवला आणि दोन हात मागे गडगा घ्यायला होकार दिला. सही त्यांनी एकेक अक्षर काढून केली. दिराची सही उजव्याच हाताची, पण तोवर तेल सगळीकडे पसरलं होतं. कागदावर त्याच्या सहीभोवती एक मोठा पारदर्शक डाग पडला. मोजणीदार म्हणाला, साहेब विचारतील हे काय. मी म्हटलं, औषध म्हणून सांगा.

सुरमई मी केली. मोजणीदाराने चार तुकड्या खाल्ल्या. काकांनी नाही खाल्ली, कारण रोगी पथ्यावर असेल तोवर देणाऱ्यालाही पथ्य असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दिराला मी वरण-भात वाढला. तो म्हणाला, वहिनी, तुम्हाला तरी माहितीय ना मला काही झालेलं नव्हतं? मी म्हटलं, भावजी, ते बघतायत. काका आपल्या ओटीवर बसून बघत होते. तोंड आता आमच्याकडे होतं.

चौथ्या दिवशी दीर पुण्याला परतला. पंधरवड्यात गडगा मागे गेला. टेम्पो पहिल्यांदा आत आणला तेव्हा शेडमधल्या बायकांनी पोती उतरवून घेतली आणि काम सोडायला निघालेली तिसरी म्हणाली, बघू, पावसापर्यंत राहते.

त्याच आठवड्यात दिराचा फोन आला. आवाज दबलेला. पथ्याच्या सतराव्या दिवशी त्याने हॉटेलात कोळंबी खाल्ली होती आणि सकाळी उठल्यापासून डाव्या हाताची करंगळी बधिर होती. मी विचारलं, कोणत्या कुशीवर झोपला होतात? म्हणाला, डाव्या. मी म्हटलं, मग तेच. दुपारपर्यंत नाही गेलं तर डॉक्टरांना दाखवा. तो म्हणाला, ते करतोच, पण काकांना विचाराल का?

मी फोन ठेवला, चप्पल घातली आणि गडग्यापाशी जाऊन सगळं तोंडी सांगितलं. काकांनी बोटांवर दिवस मोजले.

"पथ्य पयल्यापासून धर म्हणा," म्हणाले. मग आपल्या चुलीकडे बघितलं. त्यांचेही एकवीस दिवस पुन्हा सुरू झाले होते.